पुतळ्याला पहारा, साक्षीदाराचे काय?

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सर्वोच्च न्यायालयाच्या प्रांगणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. वकिलाचा झगा परिधान केलेले आणि हाती संविधानाची प्रत घेतलेले बाबासाहेब आता देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर उभे आहेत. संविधान स्वीकारले गेल्याला त्या दिवशी ७४ वर्षे पूर्ण झाली होती. न्यायसंस्थेच्या अंगणात पोहोचण्यास या पुतळ्याला इतका काळ लागला. गावोगावच्या वस्त्यांत मात्र तो केव्हाच पोहोचला होता. नागपूरहून पूर्वेकडे निघून वैनगंगा ओलांडली, की भंडारा जिल्ह्यातील गावांतून तो भेटत राहतो. कोठे ब्राँझचा, कोठे सिमेंटचा. कोठे पूर्णाकृती, कोठे अर्धाकृती. अंगात कोट, हाती ग्रंथ आणि पूर्णाकृती असेल तर बहुधा उजव्या हाताचे बोट समोर रोखलेले.

आपल्याकडील सार्वजनिक पुतळे पाहिले, तर त्यांत घोडा असतो, तलवार असते, चरखा वा काठी असते. कायद्याचे पुस्तक हेच ज्याचे शस्त्र आहे, असा सर्वदूर पसरलेला पुतळा हा एकच. म्हणून तो केवळ एका थोर पुरुषाचे स्मारक ठरत नाही. कायद्याने मिळालेल्या हक्कांसाठी जो संघर्ष झाला, त्याचे ते स्मारक आहे. मग या स्मारकाचे रक्षण करणे म्हणजे नेमके कशाचे रक्षण करणे, हा प्रश्न उरतो. पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती बंदोबस्त ठेवला की शासनाचे कर्तव्य संपले, असे मानायचे काय? भंडारा जिल्ह्याचा गेल्या सात दशकांचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर देतो आणि ते उत्तर समाधानकारक नाही.

वर्गणीतून उभी राहिलेली परंपरा

भंडाऱ्याच्या भूमीला सार्वजनिक शिल्प नवे नाही. पवनी येथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. जगन्नाथ टेकडीवरील त्या शिल्पांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. स्तूप कोण्या एका सम्राटाच्या तिजोरीतून उभा राहिला नाही. अनेकांनी आपापला वाटा उचलला, हे ते दगड आजही सांगतात. आधुनिक काळात वस्त्यांमधून उभे राहिलेले बाबासाहेबांचे पुतळे हे नकळत त्याच रीतीचे वारसदार आहेत. त्यांतील बरेचसे शासनाने दिलेले नाहीत. शेतमजुरांनी, विडी कामगारांनी, शिक्षकांनी आणि कारकुनांनी वर्गणी काढून ते उभारले. कारागीर शहरातला असो वा तालुक्याचा, चेहऱ्याचे साम्य कमी-अधिक साधलेले असो, हातातील ग्रंथ मात्र चुकलेला नाही.

या परंपरेचा प्रारंभही शासनाच्या दारात झाला नव्हता. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसविण्यात आले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला ब्राँझचा पुतळा आला तो १९६७ मध्ये. समोर बोट दाखविणारा, डाव्या हाताने ग्रंथ छातीशी धरणारा हा आकार पुढे गावोगावच्या पुतळ्यांचा नमुना ठरला. तो हात कोणाला आदेश देतो आहे की वाट दाखवतो आहे, याविषयी अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. वस्तीतील माणसाला या चर्चेची गरज भासत नाही. तो पुतळा सरकारी कचेरीच्या दिशेने बोट दाखवीत असेल, तर त्याचा अर्थ त्याला सरळच कळतो: तेथे जा, तुझा हक्क तेथे लिहिलेला आहे.

अर्थात, हक्क लिहिलेला असणे आणि तो हाती पडणे यांत किती अंतर असते, हे बाबासाहेबांनाच सर्वांत आधी उमगले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी सहकाऱ्यांसह प्राशन केले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने त्याआधीच केलेला होता. तो कागदावर राहिला होता. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. हजारो सत्याग्रही जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. ते न्यायालयात लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीला न्यायालयाची मोहोर उमटण्यास दहा वर्षे लागली. चवदार तळ्यातील पुतळा पाहताना आपल्याला १९२७ आठवते. १९३७ मात्र क्वचितच आठवते. वास्तविक या स्मारकाचा अर्थ या दोन सालांच्या मधल्या दहा वर्षांत दडलेला आहे.

१९५४: हरलेल्या उमेदवाराचा जिल्हा

भंडाऱ्याचा बाबासाहेबांशी थेट संबंध आला तो पराभवाच्या निमित्ताने. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून ते पराभूत झाले. त्यानंतर १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक आली. त्या वेळी भंडारा हा जुन्या मध्य प्रदेश राज्याचा जिल्हा होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्यातच समाविष्ट होता. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे होते, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले.

या निवडणुकीची एक आठवण आंबेडकरी चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला आणि मताधिकाराचा असा वापर बाबासाहेबांनी नाकारला, असे ती आठवण सांगते. तिचा तपशील कसाही असो, तिचे टिकून राहणे अर्थपूर्ण आहे. ज्याने मताधिकार संविधानात लिहिला, त्याने त्याच मताधिकाराचा कौल मुकाट्याने स्वीकारला, ही गोष्ट लोकांना विजयापेक्षा मोठी वाटली. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाली. पराभवाचा तो आकडाही बहुतेकांच्या विस्मरणात गेला. ज्या जिल्ह्याने बाबासाहेबांना लोकसभेत पाठविले नाही, त्याच जिल्ह्यात त्यांचे पुतळे मात्र उभे राहिले. इतिहासाने उगवलेला हा सूड नव्हे. निवडणूक हरूनही एखाद्याची पद्धत जिंकू शकते, याचा तो पुरावा आहे. परंतु ही पद्धत खरोखर जिंकली काय, याची परीक्षा आणखी ५२ वर्षांनी याच जिल्ह्यात व्हायची होती.

२००६: खैरलांजी

मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हे लहानसे गाव. भोतमांगे हे तेथील मोजक्या बौद्ध कुटुंबांपैकी एक. घरची शेती होती आणि त्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. सुरेखा भोतमांगे या आपला हक्क सोडण्यास तयार नव्हत्या. मुले शिकत होती. ३ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. भोतमांगे यांच्या घरातील स्त्रियांनी मारहाण करणाऱ्यांना ओळखले आणि पोलिसांपुढे तसे सांगितले. संशयितांना अटक झाली. २९ सप्टेंबरला ते जामिनावर सुटले आणि त्याच सायंकाळी जमावाने भोतमांगे यांच्या घरावर चाल केली. सुरेखा, त्यांची मुलगी प्रियांका आणि रोशन व सुधीर हे दोन मुलगे यांची निर्घृण हत्या करण्यात आली. कुटुंबप्रमुख भैयालाल तेवढे बचावले.

या घटनाक्रमातील एक दुवा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या कुटुंबाने दंड थोपटले नव्हते, मोर्चा काढला नव्हता. गुन्हा घडलेला पाहिला आणि पोलिसांना सांगितला, एवढेच त्यांनी केले. पुतळ्याचे बोट ज्या दिशेला दाखविते, त्याच वाटेने ते गेले. त्या वाटेवर त्यांच्या संरक्षणाची कोणतीही व्यवस्था नव्हती.

प्रारंभीचे काही आठवडे या हत्याकांडाची पुरेशी दखलही घेतली गेली नाही. नोव्हेंबरात भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ येथे लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर शासन हलले, काही पोलीस व वैद्यकीय अधिकारी निलंबित झाले आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस कानपूर येथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याची बातमी आली आणि महाराष्ट्र पेटला. ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळण्यात आले. चार माणसांच्या हत्येनंतर आठवडेच्या आठवडे शांत राहिलेला समाज एका दूरच्या पुतळ्यासाठी का पेटतो, असा सवाल तेव्हा अनेक सुशिक्षितांनी केला. तो सवाल करताना ते एक गोष्ट विसरत होते. समाज शांत नव्हता. त्याचे ऐकले जात नव्हते. दोन महिने साचलेला संताप पुतळ्याच्या निमित्ताने बाहेर पडला. जाळपोळीचे समर्थन होऊ शकत नाही. पण माणसाच्या तक्रारीला जे कान मिळत नाहीत, ते पुतळ्याच्या तक्रारीला मिळतात, हा धडा त्या वर्षी शासनानेच लोकांना शिकविला, हेही नाकारता येत नाही.

न्यायालयात काय झाले? भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये अकरापैकी आठ आरोपींना दोषी ठरविले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. खटला त्या मानाने लवकर निकाली निघाला, याचे श्रेय तपास आणि अभियोग या दोहोंना दिले पाहिजे. परंतु अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा या प्रकरणात लागू होत नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. हत्येमागे जात नसून साक्ष दिल्याचा सूड होता, अशी ती मांडणी. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली आणि जातीच्या मुद्द्यावर तोच दृष्टिकोन कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल भोतमांगे यांचे निधन झाले.

सूड की जात, असा पर्याय खरोखर असतो काय? गावातील बलिष्ठ गटाविरुद्ध साक्ष देण्याचे धाडस एका बौद्ध स्त्रीने केले, हाच जर अपराध मानला गेला असेल, तर त्या सुडातून जात वेगळी काढायची कशी? न्यायालयाचा निर्णय पुराव्यांच्या चौकटीत असतो आणि त्याचा आदर राखलाच पाहिजे. मात्र त्या काळी कायद्याची शब्दयोजनाच अशी होती, की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला, असे सिद्ध करावे लागे. गुन्हेगाराच्या मनात शिरून जात शोधण्याचे हे काम जवळपास अशक्य होते. खैरलांजी आणि तशाच इतर प्रकरणांच्या अनुभवानंतर २०१५ च्या दुरुस्तीने ही अट बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती वा जमातीची आहे हे ‘ठाऊक असताना’ गंभीर गुन्हा केला, एवढे आता पुरते. दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. भोतमांगे कुटुंबाला तिचा उपयोग झाला नाही.

एकाच दुरुस्तीतील दोन कलमे

या दुरुस्तीत आणखी दोन तरतुदी शेजारीशेजारी आल्या आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या अत्यंत महत्त्वाच्या आहेत. एका तरतुदीनुसार अनुसूचित जाती-जमातींना पूज्य वा आदरणीय असलेल्या वस्तूची मोडतोड किंवा विटंबना करणे हा अत्याचाराचा गुन्हा ठरला. पुतळा, छायाचित्र आणि चित्र यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. दुसरी तरतूद म्हणजे नव्याने घातलेले कलम १५ अ. पीडित, त्यांचे कुटुंबीय आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव व हिंसेपासून संरक्षण देण्याची जबाबदारी या कलमाने राज्यावर टाकली. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्कही त्याने दिला.

म्हणजे कायद्याने पुतळा आणि साक्षीदार या दोघांनाही एकाच वेळी संरक्षण दिले. व्यवहारात काय घडते? पुतळ्याच्या विटंबनेची नुसती कुणकुण लागली, तरी तासाभरात पोलिसांची गाडी चौकात उभी राहते, वरिष्ठ अधिकारी धाव घेतात, शांतता समितीची बैठक बसते. ते योग्यच आहे. परंतु वस्तीतील एखाद्या स्त्रीने ठाण्यात जाऊन आपल्याला धमक्या येत आहेत असे सांगितले, तर तिच्यासाठी तीच तत्परता दिसते काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी आरोपी जामिनावर सुटले, तेव्हा ज्यांनी त्यांना ओळखले होते त्यांच्या दारात एखादा शिपाई उभा असता, तर कदाचित खैरलांजी हे नाव तालुक्याबाहेर कोणाला ठाऊकही झाले नसते.

परभणीच्या घटनेने हाच प्रश्न नव्याने उभा केला. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथील रेल्वे स्थानकासमोरील पुतळ्यापुढे असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. निषेधाला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवावा, यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. तो सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. संविधानाच्या प्रतिकृतीचा अवमान झाला म्हणून लोक रस्त्यावर आले आणि त्याच संविधानाने दिलेला जीविताचा हक्क कोठडीत सुरक्षित राहिला नाही. प्रतिकृती पुन्हा बसविता येते.

हक्काऐवजी स्मारक

स्मारक आणि हक्क यांच्यातील हे अंतर केवळ एका समाजापुरते नाही. भंडारा, गोंदिया, नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत गुरे राखणारा गोवारी समाज पिढ्यान् पिढ्या राहतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती नोंद आपलीच, असे या समाजाचे म्हणणे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ही मागणी घेऊन हजारो गोवारी बांधव नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर गेले. पोलिसांच्या लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जणांचा बळी गेला. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. १९९५ मध्ये या समाजाचा विशेष मागास प्रवर्गात समावेश झाला. जमातीचा दर्जा मात्र मिळाला नाही.

नागपूरच्या झिरो माइलजवळ या हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव देण्यात आले. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावचे लोक तेथे येऊन डोके टेकवतात. मूळ मागणीचे काय? १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. गोंड गोवारी आणि गोवारी या भिन्न जमाती असून राष्ट्रपतींच्या आदेशातील यादीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा आहे, न्यायालयाचा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या सुरक्षित ठेवल्या. निकालाची कायदेशीर बाजू भक्कम आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात नव्हे, तर संसदेत आहे, ते लोकप्रतिनिधींनी ११४ मृत्यूंनंतर स्पष्टपणे सांगायला हवे होते. होय तर होय, नाही तर नाही. त्याऐवजी एक स्मारक, एक पूल आणि दरवर्षीची श्रद्धांजली एवढे पदरी पडले. न मिळालेल्या हक्काची किंमत दगडात चुकती करण्याची ही रीत शासनाला सोयीची वाटते. कारण दगड पुन्हा काही मागत नाही.

उंचीची स्पर्धा

दुसरीकडे भव्यतेचा सोस वाढत चालला आहे. मुंबईतील इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या साडेतीनशे फूट उंच पुतळ्याच्या स्मारकाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले. दशक उलटले तेव्हाही काम चालूच होते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण होऊन ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांच्या आतच, कोसळला. त्या जागी मे २०२५ पर्यंत अधिक उंच पुतळा उभाही राहिला. पुतळा पडला तर तो इतक्या त्वरेने पुन्हा उभारता येतो, मग प्रलंबित खटले, रिकामी पदे आणि न झालेल्या बैठका यांना वर्षानुवर्षे का लागावीत?

सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर पुतळ्यांना यापुढे परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. वाहतुकीच्या दृष्टीने तो रास्तच आहे. परंतु पुतळ्याची जागा हा केवळ वाहतुकीचा विषय नसतो. संसदेच्या आवारातील गांधीजी व बाबासाहेबांच्या पुतळ्यांसमोर खासदार वर्षानुवर्षे निदर्शने करीत. जून २०२४ मध्ये हे पुतळे ‘प्रेरणा स्थळ’ या नव्या जागी एकत्र हलविण्यात आले, तेव्हा त्यावरून वाद झाला तो याच कारणाने. पुतळा जेथे उभा असतो, तेथे लोकांना जमण्याचे, बोलण्याचे आणि जाब विचारण्याचे निमित्त मिळते. भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात धरणे धरणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

स्मारकाकडून काय अपेक्षावे?

पुतळे नकोत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. ज्यांना शतकानुशतके गावच्या चौकात उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांनी आपला माणूस चौकात उभा केला, यात मोठा सामाजिक अर्थ आहे. ‘पुतळ्यांपेक्षा शाळा बांधा’ असे सांगणाऱ्यांनी या वस्त्यांतील अभ्यासिका आणि वाचनालये एकदा पाहावीत. ती अनेकदा पुतळ्याच्याच सावलीत आहेत. मात्र राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहताना हा इशारा विसरणे म्हणजे त्यांच्या हातातील ग्रंथ न उघडणे होय.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. अत्याचार प्रतिबंध नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व संनियंत्रण समिती असते आणि तिची तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हावी लागते. जिल्ह्यात किती गुन्हे नोंदले, किती प्रकरणांत साठ दिवसांत आरोपपत्र गेले, किती साक्षीदारांनी संरक्षण मागितले आणि किती जणांना ते मिळाले, याचा हिशेब या समितीपुढे यायला हवा. हा हिशेब १४ एप्रिल आणि २६ नोव्हेंबर या दोन दिवशी जिल्ह्याच्या मुख्य पुतळ्यासमोर जाहीरपणे वाचला गेला, तर अभिवादनाला अर्थ येईल. महाराष्ट्राने साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. या तरतुदींची माहिती किती तक्रारदारांना ठाण्याच्या पहिल्या पायरीवर दिली जाते, हे हार घालायला येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने विचारावे.

दुसरी अपेक्षा स्मारकांच्या मजकुराविषयी. आपल्या बहुतेक चौथऱ्यांवर अनावरण करणाऱ्या नेत्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि इतिहास एका ओळीत असतो. पवनीच्या प्राचीन दगडांवर देणगीदारांची नावे आहेत. भंडारा जिल्ह्यातील स्मारकांवर १९५४ ची निवडणूक आणि तिचा निकाल का नसावा? २९ सप्टेंबर २००६ ही तारीख आणि चार नावे का नसावीत? शेजारी कलम १५ अ चा मराठी मजकूर, साध्या भाषेत, शाळकरी मुलाला वाचता येईल एवढ्या अक्षरांत का नसावा? पुतळ्याच्या हातातील ग्रंथ मिटलेला असतो. निदान त्याच्या पायाशी एक पान उघडे असावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या प्रांगणात वकिलाच्या वेषात बाबासाहेब उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दिल्लीच्या त्या पुतळ्याला चोवीस तास सुरक्षा आहे. तिचा खरा कस मोहाडी तालुक्यातील एखाद्या गावात लागेल. जेथे एखादी स्त्री काही पाहील, ते सांगावे की नाही याचा रात्रभर विचार करील आणि सकाळी ठाण्याची वाट धरील. ती सुखरूप घरी परतली, तरच या पुतळ्यांनी रोखलेले बोट योग्य दिशेला होते, असे म्हणता येईल.